चटणीच्या नफ्यातून वसतिगृह चालवताना

कोल्हापूर जिल्ह्यातील शाळकरी मुलींच्या एका वसतिगृहाची मी सचिव आहे. आमचा सार्वजनिक न्यास केवळ देणग्यांवर चालत असे आणि जूनमध्ये मुली दाखल होताना दिवाळीनंतरचा किराणा कोठून येणार, हे आम्हाला ठाऊक नसे. वसतिगृहात दर उन्हाळ्यात होणारी कांदा-लसूण चटणी पाहुणे आवर्जून मागून नेत. तीच विकून कायमचे उत्पन्न उभे करावे, असा विचार २०२२ च्या अखेरीस विश्वस्तांच्या सभेत पुढे आला.

सनदी लेखापालांनी पहिल्याच बैठकीत विचारले की, व्यवसाय न्यासाच्या नावाने करणार की वेगळा? १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ११(४ए) प्रमाणे न्यासाला व्यवसाय करता येत होता. परंतु तो उद्दिष्टांना आनुषंगिक असणे आणि त्याचे हिशेब स्वतंत्र ठेवणे बंधनकारक होते. शिक्षणसंस्थांचा व्यवसाय शिक्षणाशी निगडितच असावा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये दिलेला असल्यामुळे चटणीसाठी न्यासाची करसवलत पणाला लावणे आम्हाला योग्य वाटले नाही. वेगळी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढायचे ठरले, पण तिचे भाग (शेअर) न्यासाने घ्यावेत तर न्यासाचा पैसा ठरावीक ठिकाणीच गुंतवू देणारे कलम ११(५) आडवे येत होते. अखेर विश्वस्त नसलेल्या तीन हितचिंतकांनी भागभांडवल घातले आणि लाभांश न घेता नफ्यातून न्यासाला देणगी देण्याचा लेखी करार आपसांत केला.

सर्वांत अधिक वाद झाला तो वसतिगृहामागच्या, कंपनी चटणीसाठी वापरणार असलेल्या न्यासाच्या शेडवरून. एक ज्येष्ठ विश्वस्त म्हणाले, "कंपनी आपलीच, मग भाडे कशाला?" त्यांची भावना मला समजत होती, तरीही मी विरोध केला, कारण न्यासाची जागा फुकट वापरली की मदतीचा ओघ उलटा, म्हणजे न्यासाकडून कंपनीकडे वाहू लागतो. आम्ही गावातील चालू दराची चौकशी करून भाडे ठरवले. तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, म्हणून मुदत त्याच्या आत ठेवली. विजेचे मीटर वेगळे घेतले, गॅस वेगळा घेतला. वसतिगृहाचा तांदूळ ज्या काट्यावर मोजला जाई त्यावर मिरची मोजायची नाही, म्हणून दुसरा वजनकाटा आणला. सुट्टीत मुलींनी पाकिटांना लेबले लावावीत, ही सूचना मात्र मी चर्चेलाही घेतली नाही. ते काम गावातील महिला रोजंदारीवर करतात.

देणगी धनादेशानेच द्यायची, न्यासाने देणगी मिळाल्याचे १०बीई प्रमाणपत्र द्यायचे आणि कंपनीने कलम ८०जी प्रमाणे देणगीवरची कर-वजावट घ्यायची, एवढे सरळ होते. कंपनीने २२ टक्के या सवलतीच्या दराने कर भरण्याचा पर्याय स्वीकारला असता तर ही वजावट मिळाली नसती, हे मात्र त्या पर्यायाचा अर्ज भरण्याच्या थोडेसे आधी लक्षात आले. ज्यांना या मार्गाने जायचे आहे त्यांनी लेखापालांना हा प्रश्न आधीच विचारावा.

खरी चूक पहिल्या वर्षअखेरीस झाली. उत्साहाच्या भरात कंपनीने ३१ मार्चला सगळी शिल्लक न्यासाला देऊन टाकली. मिरची खरेदीचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल असतो. बाजारात चांगली वाळलेली, देठ मोडताच कडकन आवाज करणारी बेडगी मिरची समोर होती आणि कंपनीच्या खात्यात पोत्यांपुरतेही पैसे नव्हते. न्यासाकडे मागावेत तर देणगी परत घेता येत नाही, आणि न्यासाचा पैसा कंपनीला उसना देणे तर त्याहून चुकीचे. संचालकांनी पदरचे पैसे कर्जाऊ घातले तेव्हा कांडप सुरू झाले, तेही तीन आठवडे उशिरा.

तेव्हापासून पुढच्या हंगामाची मिरची, कांदा, लसूण, तेल यांची आणि महिलांच्या दोन महिन्यांच्या मजुरीची रक्कम आधी बाजूला काढली जाते. उरलेल्या नफ्यातून दर तिमाहीला देणगी येते. पहिला धनादेश जूनमध्ये, मुली ट्रंका घेऊन दारात उतरतात त्याच आठवड्यात येतो, आणि किराणा दुकानदाराचा पहिला हप्ता त्यातूनच दिला जातो.