तुम्ही विचारलंत म्हणून: पुंगळी बुडाजवळ तुटते, दोष कुणाचा?

प्रश्न असा असतो: "जुनी ली-एनफिल्ड घेतलीय, काडतुसं घरीच भरतो. तिसऱ्या-चौथ्या भरणीला पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) बुडाजवळून तुटते. रायफल बाद झाली, की बंदुकीची दारू जास्त पडली?" विचारणारे बहुतेक इथले, अमेरिकेतले आपलेच लोक. एनसीसीत ज्या थ्री-नॉट-थ्रीला (हीच .३०३ ची ली-एनफिल्ड) खांदा दिला ती इथे दुकानात दिसली, म्हणून भावनेच्या भरात घेतलेली असते. पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांचा प्रश्न वेगळा: "घरी काडतुसं भरता, हे चालतं का?" इथे स्वतःच्या वापरापुरती भरायला केंद्रीय कायद्याने परवाना लागत नाही, विकायची तर लागतो, आणि राज्याचे नियम वेगळे पाहावे लागतात. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे. त्यामुळे पुढचं सगळं तिकडच्यांनी फक्त वाचायला.

आता मूळ प्रश्न. माझं मत असं की दहातल्या आठ वेळा रायफल निर्दोष असते आणि दारूही. पुंगळीचा जीव घेते ती डाय, म्हणजे उडालेली पुंगळी पुन्हा मापात आवळणारा साचा.

.३०३ च्या पुंगळीला बुडाशी कड असते, रिम. काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या काडतूस बसण्याच्या पोकळीत, टेकतं ते या रिमवर, खांद्यावर (पुंगळी मानेकडे निमुळती होते त्या उतारावर) नाही. लष्कराला रिमची जागा नीट मापात हवी होती; पुढे खांदा कुठे येतो याची त्यांना पर्वा नव्हती. उलट चिखल-माती लागलेलं काडतूसही आत जावं म्हणून चेंबर मुद्दाम ऐसपैस ठेवलेलं. सैनिक पुंगळी एकदाच वापरणार आणि खंदकात टाकून देणार, ती पुन्हा भरली जाईल हे कुणाच्या ध्यानीमनी असायचं कारण नव्हतं.

बार उडाला की दाबाने पुंगळीचा पुढचा पातळ भाग फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटतो. बूड जाड असतं, ते चिकटत नाही. रिम आणि बोल्टच्या (चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्याच्या) मध्ये जेवढी फट असेल तेवढं मागे सरकतं. ताण पडतो तो दोन्हींच्या मधल्या पट्ट्यावर, रिमच्या जरा पुढे. खांदाही पुढे जाऊन चेंबरचा आकार घेतो. इथपर्यंत ठीक. पण मग आपण घरी येतो, फुल-लेंग्थ डाय (पुंगळी पूर्ण लांबीत आवळणारी) शेलहोल्डरला, म्हणजे पुंगळीचं बूड धरणाऱ्या तुकड्याला, टेकेपर्यंत खाली घेतो आणि तो खांदा परत कारखान्याच्या मापाला ढकलतो. पुढच्या बाराला तो पुन्हा पुढे जातो. तार एकाच जागी मागे-पुढे वाकवत राहावं तसं हे चालतं, आणि पितळ पातळ होत होत तुटतं.

त्यात आणखी एक मेख आहे. बोल्टचं तोंड ते चेंबरमधली रिमची बैठक हे अंतर तपासणारे लष्करी गेज .०६४ इंचापासून .०७४ इंचापर्यंतची रायफल पास करतात. बाजारातल्या पुंगळ्यांची रिम मात्र बऱ्याचदा .०६० च्याही आत भरते. म्हणजे गेजात उत्तम पास झालेली रायफलसुद्धा पुंगळीला दहा-पंधरा थाऊ (इंचाचे हजारावे भाग) मोकळी ठेवू शकते. शिवाय ली-एनफिल्डच्या बोल्टचे लग (त्याला अडकवून धरणारे दाते) मागच्या बाजूला आहेत, त्यामुळे दाबाखाली अ‍ॅक्शनही किंचित ताणली जाते. म्हणूनच या रायफलीत वेगाच्या मागे लागू नये. .३०३ साठी अमेरिकी प्रमाण कमाल दाब ४९,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) आहे, .३०८ विंचेस्टरसाठी ६२,०००. चांगल्या मॅन्युअलमधल्या खालच्या टोकाच्या आकड्यांवर ही रायफल सुखात असते. दारूचं वजन मी इथे देणार नाही. ते मॅन्युअलमधूनच घ्यायचं, कुणाच्या लेखातून नाही.

पुंगळी तुटणार हे आधी कळतं. रिमच्या थोडं वर बाहेरून चकाकतं कडं दिसतं, पण तेवढ्यावर जाऊ नका. कधी कधी ती नुसती डायची खूण असते. कागदाची पिन सरळ करून टोकाला बारीक आकडा वळवा, तोंडातून आत घाला आणि भिंतीवरून तळाकडून वर ओढा. आकडा खाचेत अडकला की ती पुंगळी हातोडीने चेपून भंगारात. न बघता भरलीत तर कधीतरी बूड बाहेर येईल, पुढचा तुकडा चेंबरमध्ये राहील आणि गॅस मागे येईल. चष्म्याशिवाय ट्रिगरला बोट लावू नये ते यासाठीच.

उपाय स्वस्त आहे. एका रायफलीत उडालेल्या पुंगळ्या त्याच रायफलीसाठी ठेवायच्या आणि फक्त मान (गोळी धरणारा पुढचा भाग) आवळायची. काही भरण्यांनंतर बोल्ट जड लागायला लागला, तर फुल-लेंग्थ डाय थोडी वर ठेवून, बोल्ट जेमतेम बंद होईल इतकाच खांदा सरकवायचा. नव्या कोऱ्या पुंगळीच्या पहिल्या बाराला रिमच्या पुढे पातळ रबरी ओ-रिंग चढवण्याची युक्ती जुने एनफिल्डवाले सांगतात. रिंग दबते, बूड बोल्टला टेकलेलं राहतं आणि ताण खांद्याकडे जातो. मला ती पटलेली आहे. पुंगळीला तेल लावायची युक्तीही कुणीतरी सांगेल. ती ऐकू नका. चेंबरची पकड गेली की सगळा धक्का बोल्टवर येतो.

प्रायमर, म्हणजे बुडातली दारू पेटवणारी टिकली, बाहेर डोकावतो म्हणून घाबरून फोन करणारेही असतात. "दाब जास्त झाला, दारू कमी करतो." बहुधा उलटं असतं. दाब कमी असला की पुंगळी भिंतीला चिकटून तिथेच राहते, प्रायमर तेवढा मागे सरकतो, आणि त्याला परत आत दाबण्याइतकं बूड मागे येतच नाही. दारू आणखी कमी केलीत तर तो आणखी डोकावेल. फट मोजा.

नेम लागत नसेल तर आधी नळी मोजा. .३०८ इंच जाडीची गोळी इथे उपयोगाची नाही; .३११ किंवा .३१२ लागते, आणि कॉर्डाइटने (जुन्या लष्करी दारूने) खाल्लेल्या युद्धकाळातल्या नळ्या त्याहूनही सैल निघतात. मऊ शिशाचा गोळा नळीतून सरकवून माप घेतात खरं, पण बऱ्याच एनफिल्डच्या नळीत आतून पाच खाचा असतात, खाचेसमोर खाच येत नाही, आणि साधा कॅलिपर खुशाल खोटं बोलतो. व्ही आकाराचा मायक्रोमीटर असलेला कुणी गाठा. झिजलेल्या नळीत मागून निमुळत्या गोळीपेक्षा सपाट बुडाची गोळी बहुधा बरी चालते. १९१० ची मार्क ७ गोळी, १७४ ग्रेनची, सपाट बुडाचीच होती.

बार न होणं, उशिरा होणं याबद्दल थोडक्यात. टिचकी बसून आवाज आला नाही तर नळी निशाण्याकडेच ठेवून निदान तीस सेकंद थांबायचं. नुसता फुस्स आवाज आला तर पुढचं काडतूस घालायचंच नाही. बोल्ट काढून नळीतून उजेड दिसतो का ते पाहायचं, गोळी मध्येच अडकलेली असू शकते. बार न होण्याचं कारण बऱ्याचदा नीट न बसलेला प्रायमर किंवा थकलेली स्प्रिंग.

कधी जुन्या पेटीत बुडावर 'के' आणि 'एफ' कोरलेली काडतुसं निघतात. ती आपल्या खडकीची, १८६९ पासूनच्या कारखान्याची. ती पाहून गहिवरून येतं, पण त्या पुंगळ्या पुन्हा भरायच्या भानगडीत पडू नका. जुन्या लष्करी .३०३ मध्ये बर्डन प्रायमर असतो, तशा पुंगळीच्या बुडाला मधोमध भोक नसतं, आणि तुमच्या डायची जुना प्रायमर ढकलणारी पिन मोडते. उडवलीच तर त्याच दिवशी नळीतून गरम पाणी घाला. जुन्या प्रायमरचं मीठ तेलाने जात नाही, पाण्यातच विरघळतं.

इशापूरची २ए१ रायफल असेल तर रिमचं हे सगळं लागू नाही. ती ७.६२ नाटो काडतुसाची, बिनरिमची, आणि तिचं काडतूस खांद्यावरच टेकतं.

उरलेल्या दोन वेळा दोष खरंच रायफलीचा असतो. फक्त मान आवळूनही दुसऱ्याच भरणीला आत खाच लागली, तर गेज लावून घ्या. .०७४ च्या गेजवर बोल्ट बंद झाला तर बोल्ट हेड (बोल्टचं सुटं पुढचं टोक) बदलायला हवं. ली-एनफिल्ड नंबर ४ साठी ० ते ३ अशी हेडं मिळतात, पण वरचा आकडा पाहून घेऊ नका. वेगवेगळ्या कारखान्यांची मापं एकमेकांत मिसळतात, मायक्रोमीटरने मोजूनच घ्या. नंबर १ मार्क ३ च्या हेडांवर आकडेच नसतात, तिथे चार-पाच लावून बघावी लागतात आणि ते काम गनस्मिथकडेच द्यावं.