केरीपासून दिवाडीपर्यंत, वाळवंटीच्या काठाने

चोर्ला घाट उतरताना पाऊस असा कोसळत होता की वळणावरचा ओहोळ कुठला आणि रस्ता कुठला, कळत नव्हतं. खाली गोव्यात केरीला अंजुणे धरण भरत आलेलं. इथून सोडलेलं पाणी वाळवंटी नदीत जातं आणि वाळवंटी थेट साखळीच्या बाजारपेठेला लागून वाहते.

मी सांगलीची. आमच्याकडे ऑगस्टमध्ये दोनच प्रश्न असतात: कोयनेतून किती सोडलं, आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट? साखळीतल्या कापड दुकानात सवयीने धरणाचंच विचारलं. दुकानातले काका म्हणाले, "धरणाचं खरं आहे हो ताई, पण आधी भरती किती वाजता ते बघा. त्यात अमावस्या असली तर आम्ही खालच्या फळीवरचा माल संध्याकाळीच वर चढवतो."

समुद्र इथून बराच लांब. तरीही मांडवी नदीतली भरती मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत, गांजेपर्यंत चढते. घाटात मुसळधार पाऊस आणि खालून चढती भरती एका वेळी आली की मांडवीला मिळणाऱ्या वाळवंटीचं पाणी तुंबतं. मग बाजारातला नाला नदीत रिकामा होत नाही, उलट नदीच नाल्यातून दुकानांत शिरते. त्यासाठी काठाने संरक्षक भिंती बांधल्या आहेत. नदी चढली की नाल्याचं दार बंद करायचं आणि आत साठलेलं पावसाचं पाणी पंपांनी उपसून नदीत टाकायचं, अशी ही व्यवस्था. कृष्णेचा पूर दिवसचे दिवस घरात बसलेला मी पाहिला आहे; इथे सारा खेळ काही तासांचा, म्हणून पंप वेळेवर सुरू होणं हेच सगळं. अर्थात सगळीकडे हे पुरत नाही. २३ जुलै २०२१ ला म्हादईने, म्हणजे वरच्या अंगाच्या मांडवीनेच, सत्तरीतल्या गावांत घरं पाडली, तेव्हा डोंगरातूनच इतकं पाणी आलं की कशाचा निभाव लागला नाही.

नार्वेला सप्तकोटेश्वराचं दर्शन घेतलं. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये या देवळाचा जीर्णोद्धार करवला. पुढे फेरीबोटीने दिवाडी बेटावर उतरले, आणि ज्यासाठी आले होते ते समोर दिसलं: खाजन शेती.

खाडीच्या पाण्याच्या पातळीला, काही ठिकाणी तर त्याच्याही खाली, भातशेती. मध्ये फक्त बांध. चिखल, पेंढा आणि जांभा दगड यांचा, बाहेरून खारफुटीने सांभाळलेला. बांधात ठिकठिकाणी मानस, म्हणजे लाकडी दारांची मोरी. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं आणि दारं मिटतात. ओहोटी लागली की आतलं पाणी ती ढकलून उघडतं. वीज लागत नाही, माणूसही लागत नाही. दारं मिटलेली असताना पडणारा पाऊस आतल्या तळ्यात, पोंयीत थांबतो. साखळीचा दरवाजा, नाला आणि पंप हेच काम करतात, फक्त तिथे पाणी थांबवायला पोंय नाही, म्हणून डिझेल जाळावं लागतं.

गोव्यात अशी जमीन सुमारे १८ हजार हेक्टर असल्याचं सांगतात. पूर्वी गावकारी, म्हणजे गावाची सामाईक संस्था, बांधांची निगा राखायची. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली. आता शेती परवडत नाही म्हणून अनेक शेतं पडीक आहेत. मानशीतल्या मासळीचा लिलाव होतो आणि मासळीसाठी खारं पाणी मुद्दाम आत घेतल्याच्या तक्रारी शेतकरी करतात. बांध एकदा फुटला की शेतात मीठ बसतं. कोरगूटसारखं खारं पाणी सोसणारं भातही मग हात टेकतं. आणि मातीचा भराव टाकून घरं, रस्ते उभे राहिले तर पुराचं पाणी थांबायची जागाच जाते. भिंतींवर खर्च करणाऱ्या सरकारने त्याच तळमळीने या बांधांकडे बघावं, असं मला मनापासून वाटतं. भरावाला परवानगी देणं तर ताबडतोब थांबायला हवं.

जाणार असाल तर पावसातच जा. निघण्याआधी भरती-ओहोटीच्या वेळा बघा आणि ओहोटी लागायच्या सुमारास मानशीजवळ पोचा. दारं उघडताना दिसतील. बांधावर चिखल फार असतो, घट्ट पट्ट्यांच्या चपला घाला. परतीला दिवाडीहून जुने गोवेची फेरी मिळते.