आईचे ताक आणि रक्तातील साखर

साताऱ्यातील आमच्या घरी, आईला मधुमेह असल्याने, दुपारी ज्वारीची एक भाकरी, बुक्कीने फोडलेला कांदा आणि वाटीभर ताजे ताक हे ठरलेले असते. ताकात लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवंत जिवाणू असतात. कांद्यातील इन्युलिन नावाचे तंतुमय कर्बोदक मात्र आपल्याला पचत नाही, ते मोठ्या आतड्यातील जिवाणूंचे अन्न होते. अशा घटकांना १९९५ साली प्रीबायोटिक हे नाव मिळाले. ते आंबवताना जिवाणू जी मेदाम्ले तयार करतात, ती इन्सुलिनला साहाय्य करणाऱ्या जीएलपी-१ या संप्रेरकाला चालना देतात. कढी उकळली की जिवाणू मरतात, म्हणून आई ताक जिरेपूड घालून गारच घेते. साखरेवरील परिणाम माफकच असल्यामुळे तिची गोळी आम्ही एकदाही चुकवलेली नाही.