तेराव्या नंबरचं गाणं: बीटल्सचं ‘देअर्स अ प्लेस’

ठाणे–वाशी लोकलमध्ये दोघांनी एकच इअरफोन वाटून घेतला आणि हे गाणं लावलं, तर एकाला जवळपास नुसतं गाणं ऐकू येतं, दुसऱ्याला नुसती गिटार आणि ड्रम्स. इअरफोन बिघडलेला नसतो. लंडनच्या ईएमआय स्टुडिओत तेव्हा दोनच ट्रॅकवर रेकॉर्डिंग व्हायचं: एकावर गळे, दुसऱ्यावर वाद्यं. स्टिरिओ करताना त्याच दोन बाजू कायम राहिल्या. नुसतं ऐकायचं असेल तर फोनच्या ॲक्सेसिबिलिटीत ‘मोनो ऑडिओ’ चालू करा. बसवायचं असेल तर मात्र बंदच ठेवा, कारण डावा कान म्हणजे फुकटातला कराओके ट्रॅक आहे. गाड्या कमी असतील तेव्हा ठाण्याच्या तलावपाळीच्या कट्ट्यावरसुद्धा सराव होतो.

११ फेब्रुवारी १९६३ च्या रेकॉर्डिंग सेशनचं हे पहिलं गाणं. आधी दहा टेक (रेकॉर्डिंगचे प्रयत्न) झाले, मग ११ ते १३ मध्ये जॉन लेननचा माउथ ऑर्गन वरून चढवला. तेरावा टेक पक्का झाला आणि ‘प्लीज प्लीज मी’ अल्बमवर गाणं आलंही तेराव्या जागी. चौदावं ‘ट्विस्ट अँड शाउट’! त्या आरोळीपुढे हे कोणाच्या लक्षात राहणार? खरं तर शब्दांत हेच पुढचं: उदास वाटलं की जायची जागा म्हणजे स्वतःचं मन. बाविशीचा जॉन आणि विशीचा पॉल मॅकार्टनी हे गातात.

सूर पांढरी तीन, म्हणजे इंग्रजीतला ई. गिटार सा-ग-प धरून असते आणि माउथ ऑर्गन थेट शुद्ध नी वर येतो. सगळी हुरहुर त्या एका सुरात आहे. दुकानात सहज मिळतो तो सी चा साधा माउथ ऑर्गन. त्यावर हा नी, म्हणजे काळी दोन, सरळ वाजतच नाही. ई चा घ्या; त्यात तिसऱ्या किंवा सातव्या छिद्रातून श्वास आत ओढला की तो मिळतो. पॉलची वरची पट्टी झेपली नाही म्हणून गाणं पांढरी दोनमध्ये उतरवलं, तर माउथ ऑर्गनही डी चा लागेल. हे ऐन कार्यक्रमात लक्षात येतं, आणि मग गिटारवाल्याच्या नावाने शंख.

सगळ्यात जास्त फसतो तो पहिला शब्द. वाद्यं थांबतात आणि दोन गळे उघड्यावर पडतात. खालच्या सुराच्या गायकाला वरच्या सुरावर घसरायचा मोह होतो. त्याला आठवडाभर एकट्याला गाऊ द्या, वरचा सूर नंतर. श्वास दोघांनी एकत्र घ्यायचा, खूण ड्रमरने द्यायची.

रेकॉर्डवर गाणं विरत जातं, दोन मिनिटंही होत नाहीत. सोसायटीच्या स्टेजवर असं विरता येत नाही. शेवटची ओळ तीनदा म्हणा, तिसऱ्यांदा वाद्यं सोडून द्या आणि माउथ ऑर्गनला नी वरून सा वर येऊ द्या.