केमिस्ट्री आली की बायोकेमिस्ट्री येतेच ना? तुम्ही विचारलंत म्हणून

बारावीचा निकाल लागला की सांगलीत हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्यांत बरेचजण साखर कारखान्याच्या ओळखीपाळखीतले. "पोराची केमिस्ट्री चांगली आहे. बायोकेमिस्ट्री वेगळी कशाला घ्यायची? ते नुसतं पाठांतर. केमिस्ट्री आली की ती येतेच ना?" पदवीला मेजर-मायनर (मुख्य विषय आणि जोडविषय) आल्यापासून तर हाच प्रश्न मुलंही विचारतात, आणि उत्तर एका वाक्यात हवं असतं. एका वाक्यातलं उत्तर "नाही" असं आहे. पण ते कुणालाच पटत नाही, म्हणून आता सविस्तर.

उसाचीच साखर घेऊ. सुक्रोजचे पाण्याने दोन तुकडे होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. ही एकच क्रिया दोन्ही प्रयोगशाळांत करतात.

केमिस्ट्रीत ती ॲसिडने. 20 टक्के साखरेचं द्रावण आणि 2 नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड, दोन्ही समान. मिसळलं की घड्याळ सुरू, आणि लगेच पोलारिमीटरच्या 2 डेसिमीटर नळीत. साखरेच्या द्रावणातून जाताना प्रकाश किती अंशांनी वळतो, ते हे उपकरण मोजतं. बुडबुडा राहिला तर दृश्य अंधुक दिसतं आणि पुढचं सगळं वाया. कोन अधिक 13 अंशांच्या आसपास सुरू होतो, घसरत शून्य ओलांडतो आणि उणे 4 च्या आसपास थांबतो. तो शेवटचा आकडा, म्हणजे इन्फिनिटी रीडिंग, हा या प्रयोगाचा पाया. प्रत्येक रीडिंगमधून तोच वजा करून लॉग काढायचा, मग आलेख सरळ येतो. घाईने द्रावण जास्त तापवलं तर फ्रुक्टोज करपतो, द्रावण पिवळं पडतं आणि इन्फिनिटी चुकली की अख्खा आलेख वाकतो. 1850 मध्ये विल्हेल्मीने क्रियेचा वेग पहिल्यांदा मोजला तो याच साखरेवर, याच पद्धतीने.

बायोकेमिस्ट्रीत तीच साखर यीस्टमधल्या इन्व्हर्टेज या एन्झाइमने फोडतात. बेकरीतलं कोरडं यीस्ट 1 ग्रॅम, 10 मिली 0.1 मोलर सोडियम बायकार्बोनेटमध्ये 37 अंशांवर रात्रभर. सकाळी सेंट्रिफ्यूज, वरचं पाणी बर्फात. प्रत्येक नळीत 0.1 मोलर साखर 1 मिली, pH 4.7 चा ॲसिटेट बफर अर्धा मिली आणि शेवटी एन्झाइम अर्धा मिली. ठरलेल्या मिनिटाला 2 मिली डीएनएसए घालायचं, म्हणजे फुटून आलेल्या ग्लुकोज-फ्रुक्टोजबरोबर उकळलं की विटकरी रंग देणारा अभिकर्मक. त्यातल्या अल्कलीने एन्झाइम मरतं आणि क्रिया थांबते. मग उकळत्या वॉटर बाथमध्ये 5 मिनिटं, थंड करून 540 नॅनोमीटरला रीडिंग. ब्लँकमध्ये, म्हणजे तुलनेच्या नळीत, डीएनएसए आधी आणि एन्झाइम नंतर, कारण यीस्टच्या अर्कात स्वतःचीही थोडी साखर असते आणि ती वजा व्हायला हवी.

कागदावर सोपं आहे. आता ज्या प्रॅक्टिकलमुळे माझं "नाही" पक्कं झालं, ते सांगते.

चांगली बॅच होती. टायट्रेशनमध्ये पक्की, तीन रीडिंग 0.1 मिलीच्या आत. 2, 4, 6, 8 आणि 10 मिनिटांच्या पाच नळ्या उकळून स्टँडवर आल्या. पाचही सारख्याच गडद विटकरी. रीडिंग घेतलं तर आकडे जवळजवळ एकच. बाकावर आनंदीआनंद. जर्नलमध्ये एकीने लिहूनही टाकलं होतं: "रीडिंग काँकॉर्डंट, प्रयोग यशस्वी."

तिला चूक म्हणणं अवघड होतं. ब्यूरेटपाशी तिला हेच शिकवलं होतं: रीडिंग जुळली की खरी. पण इथे 2 मिनिटांची नळी आणि 10 मिनिटांची नळी सारखी निघाली, याचा अर्थ पहिल्या 2 मिनिटांतच काहीतरी संपलं होतं. पुढची 8 मिनिटं घड्याळ नुसतं चाललं.

काय संपलं, यावर मग वाद झाला. मुलांचं म्हणणं, साखर संपली. शक्य आहे. पण दुसरीही शक्यता होती आणि ती कुणाच्या डोक्यात आली नाही. नळीत साखर 34 मिलिग्रॅम. सगळी फुटली तर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मिळून 36 मिलिग्रॅम होतात. 2 मिली डीएनएसए सरळ रेषेत साथ देतं ते जेमतेम दीड-दोन मिलिग्रॅमपर्यंत. म्हणजे साखर शिल्लक असेल, तरी रंग देणारा अभिकर्मकच संपलेला असू शकतो. मुलं म्हणाली, मग पाणी घालून रंग पातळ करू. नाही चालत. रंग तयार झाल्यावर पाणी घातलं तर न तयार झालेला रंग कुठून येणार? डीएनएसए घालण्याआधीच नमुना कमी घ्यावा लागतो.

खातरजमेचा उपाय साधा होता. एका नळीत 5 मिलिग्रॅम ग्लुकोज, दुसरीत 10, दोन्हींत तेवढंच डीएनएसए. दोन्ही नळ्या एकाच रंगाच्या आल्या तर डीएनएसए संपलं. तशाच आल्या. त्यानंतर एन्झाइम 10 पट, 50 पट, 100 पट आणि 500 पट पातळ करून पुन्हा. 500 पटीला पाच नळ्यांची पायरी दिसली, फिकट ते गडद. पहिल्या तिन्हींत आलेख आडवाच होता. एवढ्यात प्रॅक्टिकलची वेळ संपली, आणि Km (किती साखरेला एन्झाइम कमाल वेगाच्या निम्म्यावर येतं तो आकडा) काढायचं राहून गेलं.

मुद्दा इथे आहे. टायट्रेशनमध्ये, इन्फिनिटी रीडिंगमध्ये, उत्तर शेवटाला असतं आणि हात तिथपर्यंत थांबायला शिकतो. एन्झाइमचं उत्तर सुरुवातीला असतं. साखर 5 टक्क्यांच्या आत फुटलेली असतानाच वेग पकडायचा, कारण पुढे साखर कमी होते आणि जे मोजायचं तेच बदलतं. केमिस्ट्रीत मुरलेला हात इथे उशीर करतो, आणि उशीर झाल्याचं त्याला कळतही नाही, कारण आकडे छान जुळतात.

हे म्हणताना मी केमिस्ट्रीला कमी लेखते असं कुणी समजू नये. उलट. 1913 मध्ये मायकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी इन्व्हर्टेजवर जे काम केलं, ते पोलारिमीटरवरच. एन्झाइमच्या वेगाचं आन्रीचं समीकरण 1903 पासून होतं, पण त्याच्या प्रयोगात pH सांभाळलेला नव्हता. सोरेनसेनने pH ही कल्पनाच मुळी मांडली 1909 मध्ये. शिवाय एन्झाइममधून नुकतं सुटलेलं ग्लुकोज आपलं रूप हळूहळू बदलतं आणि कोन सरकत राहतो. तीव्र ॲसिडमध्ये हा बदल इतक्या झटपट होतो की केमिस्ट्रीच्या बाकावर तो कुणाला दिसतच नाही. मायकेलिस-मेंटेननी अल्कलीने क्रिया थांबवून हा बदल पुरा होऊ दिला आणि मगच कोन वाचला. हे सुचायला केमिस्ट्री पक्की लागते.

तर मग पाठांतराचं काय? ग्लायकोलिसिसच्या 10 पायऱ्या पाठ कराव्या लागतात, नाकारत नाही. एन्झाइमांची नावं, अमिनो आम्लांचे pKa, हेही पाठच. पण ग्लुकोजचं आधी फ्रुक्टोज का होतं, हे पाठ करायची गरज नाही. चौथी पायरी म्हणजे उलटी अल्डॉल क्रिया: साखळी कुठे तुटणार हे कार्बोनिल (C=O) कुठे आहे त्यावर ठरतं. कार्बोनिल पहिल्या कार्बनवर असताना साखर तोडली तर दोन आणि चार कार्बनांचे तुकडे पडतील. तो दुसऱ्यावर नेला की तीन आणि तीन. अल्डॉल ज्याला येते, त्याला ही पायरी फुकट मिळते. तेवढ्यापुरतं विचारणाऱ्यांचं खरं आहे.

कारखान्याच्या मंडळींना मात्र एक सांगायलाच हवं, कारण "पोरगा लॅब केमिस्ट झाला तरी बास" हे वाक्य तिथूनच येतं. तोडलेला ऊस गव्हाणीपर्यंत पोचायला जितका उशीर, तितकी त्यातली साखर उसाच्या स्वतःच्याच इन्व्हर्टेजने फुटते. ल्युकोनोस्टॉक हे जिवाणू तीच साखर खाऊन डेक्स्ट्रन बनवतात, तो चिकट पदार्थ. आता गंमत बघा: डेक्स्ट्रन पोलारिमीटरचा कोन साखरेच्या जवळजवळ तिप्पट उजवीकडे वळवतो. म्हणजे रसाचा पोल (पोलारिमीटरवरून काढलेलं साखरेचं प्रमाण) फुगलेला दिसतो आणि पोत्यात तेवढी साखर येत नाही. पोलारिमीटर ठीक, वाचणारा ठीक, आणि उताऱ्याचा हिशेब तरी लागत नाही. नुसत्या केमिस्ट्रीवर जो तिथे बसलाय, तो उपकरणच पुनःपुन्हा तपासत राहील. नुसत्या बायोकेमिस्ट्रीवाल्याला साखर मोजायच्या लेन-आयनन टायट्रेशनमध्ये उकळी न मोडता मिथिलीन ब्ल्यूचा रंग जाण्याचा क्षण पकडता येईल का, याचीही मला शंकाच आहे.

आलेखाबद्दल थोडं, कारण व्हायवात तिथेच घसरतात. एन्झाइमचा वेग (v) आणि साखरेचं प्रमाण यांचा लाइनविव्हर-बर्क आलेख, 1934 ची सोय: दोन्ही अक्षांवर व्यस्त, म्हणून रेषा सरळ. पण वेग 0.05 असेल आणि वाचनात 0.01 ची चूक असेल, तर 1/v 20 च्या जागी 25 होतो. वेग 0.50 असेल तर तीच चूक 2.00 चे 2.04 करते. म्हणजे सगळ्यात कच्च्या रीडिंगच्या हातात रेषेचा कल जातो. मुलं पट्टी लावून त्याच टोकाच्या बिंदूतून रेषा नेतात आणि Km कधीकधी ऋण येतं. ऋण Km आलं की समजावं, दोष एन्झाइमचा नाही.

मी पूर्वी ठामपणे सांगत असे की आधी तीन वर्षं केमिस्ट्री पक्की करा, बायोकेमिस्ट्री एमएस्सीला बघू. आता तसं सांगवत नाही, कारण तीन वर्षांत ती शेवटाकडे बघायची सवय फार घट्ट होते. पण उलटं, आधी बायोकेमिस्ट्री, हेही सांगवत नाही. बफर करताना ॲसिटिक ॲसिड किती आणि सोडियम ॲसिटेट किती हे ज्याला काढता येत नाही, त्याचं एन्झाइम पहिल्याच नळीत मरतं. दोन्ही एकत्र घ्या म्हणावं, तर वेळापत्रकात आणि वॉटर बाथमध्ये जागा नसते.

सध्या साखरेचे दोन्ही प्रयोग एकाच आठवड्यात लावते, सोमवारी ॲसिड आणि गुरुवारी इन्व्हर्टेज, एकाच डब्यातली साखर वापरून. एन्झाइम मुलांनीच पातळ करायचं, किती ते मी सांगत नाही. काहींना गुरुवारीच उमगतं. बाकीच्यांच्या जर्नलात अजून "काँकॉर्डंट" असतं, आणि एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, त्यावर टिकही करून जातात.