दर मीटरला दहा लाख वर्षं

ग्रँड कॅनियन पाहून आलेल्या कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: ‘माइंड-बॉगलिंग!’ अमेरिकेत हे विशेषण ऊठसूट कशालाही लावतात. ॲरिझोनातल्या या दरीच्या दक्षिण काठावर मात्र ते माझ्याही तोंडून आपसूक निघालं आणि पुढे काही सुचेना.

दरी ४४६ किलोमीटर लांब, काही ठिकाणी २९ किलोमीटर रुंद, दीड किलोमीटरहून जास्त खोल. हे सगळं वाचून गेले होते, पण काठावर उभं राहिल्यावर आकड्यांचा काही उपयोग होत नाही. नजरेला माप घ्यायला काही सापडतच नाही. यावापाई पॉइंटवरून तळाशी कोलोरॅडो नदीचा इवलासा तुकडा दिसतो, त्यावर दोऱ्याएवढा पूल. ती नदी सरासरी ९० मीटर रुंद आहे!

मला ही दरी थोडीफार कळली ती ‘ट्रेल ऑफ टाइम’वर चालताना. यावापाईच्या भूशास्त्र संग्रहालयापासून काठाकाठाने ही वाट जाते. दर मीटरला जमिनीत ब्राँझची खूण, आणि आजपासून मागे जाताना एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. नदीने दरी कोरायला घेतली ती पाच-सहा मीटरवरच. ६६ व्या मीटरला मी मुद्दाम थांबले. आपला सह्याद्री ज्या लाव्हारसातून घडला, तो साधारण या सुमाराचा. कोकणकड्याच्या ज्या काळ्या कातळाला आपण युगानुयुगांचा म्हणतो, तो इथे सुरुवातीलाच मागे पडतो! काठावरची चुनखडी येते २७० मीटरच्या आसपास, आणि तळाचा ‘विष्णू शिस्ट’ हा खडक थेट १७०० च्या पुढे. हो, आपलाच विष्णू. क्लॅरेन्स डटन या भूशास्त्रज्ञाने १८८० च्या सुमारास इथल्या सुळक्यांना विष्णू, शिव अशी नावं दिली, आणि पुढे खडकालाही विष्णूचं नाव लागलं.

वाटेवर त्या त्या वयाचे दगड मांडलेत. हात लावून बघता येतात. विष्णू शिस्टवर मी बराच वेळ हात ठेवून उभी होते.

बहुतेक टूरवाले माथर पॉइंटवर फोटो काढवून गाडीत बसवतात. त्यांच्याकडून दोन तास मागून घ्याच. वाट पक्की आणि बरीचशी सपाट आहे, आई-बाबांनाही जमेल. फक्त उंची २१०० मीटर, तेव्हा दम लागतो. पाणी जवळ ठेवा आणि संग्रहालयाकडूनच चालायला लागा, म्हणजे आजपासून मागे मागे जाता येतं.