माळकरी माणूस आणि हिरडीतला पडदा

खालची डावी दाढ काढून तीन वर्षं झाली होती आणि मी तिथं काहीच बसवलं नव्हतं, आज करू उद्या करू. उजव्या बाजूनंच खायची सवय लागली. मग गेल्या दिवाळीत उजवीकडची पण ठणकायला लागली तेव्हा कुठं सांगलीत विश्रामबागला एका डेंटिस्ट मॅडमकडं गेलो.

त्यांनी सीबीसीटी म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन काढला आणि स्क्रीनवर दाखवलं, वरच्या कडेला हाड फक्त ४ मिलीमीटर रुंद राहिलंय. इम्प्लांट म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दात, आणि तो स्क्रूच ४ मिलीमीटरचा, आणि त्याच्या दोन्ही बाजूला दीड-दोन मिलीमीटर तरी हाड पाहिजे, म्हणजे हिशोबच बसत नव्हता. दाढ काढल्यावर पहिल्या वर्षातच रुंदी निम्म्यापर्यंत कमी होते म्हणे, आणि त्यातलं बरंचसं पहिल्या तीन महिन्यांतच. हे मला दाढ काढताना कुणी सांगितलं असतं तर... जाऊदे.

आता आधी हाड वाढवायचं, मग इम्प्लांट. हाडाची पूड म्हणजे ग्राफ्ट घालायचा आणि वरनं मेंब्रेन म्हणजे पडदा. मी म्हणलं पडदा कशाला, पूड घातली की झालं की. तर मॅडम म्हणाल्या हिरडीचं मांस भराभर वाढतं, हाड लई सावकाश, मोकळी जागा सोडली तर हाड यायच्या आधी मांसच तिथं घुसून बसतं. हे मला लगेच पटलं कारण आम्ही हळदवाले. हरिपूरला जमिनीत पेवं होती तेव्हा हळद भरताना कडेनं पाचट लावायचे, माती आत येऊ नये म्हणून, वडील सांगायचे. (२००५ च्या पुरात त्या पेवांची पार वाट लागली, तो विषय वेगळा.)

एस्टिमेटच्या कागदावर नुसतं "ग्राफ्ट, मेंब्रेन" एवढंच लिहिलेलं. घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, पण ते असतं कशाचं?" खरंच की. माझ्या गळ्यात माळ आहे, वीस वर्षं झाली, अंड्याचा केक पण खात नाही. दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं. मॅडम जरा थांबल्या, मग सरळ सांगितलं की विरघळणारे पडदे बहुतेक कोलॅजेनचे म्हणजे जनावरांच्या अंगातल्या एका प्रथिनाचे असतात, ते डुकराच्या नाहीतर गाईबैलाच्या कातडीतनं वगैरे काढतात, माशाचे पण मिळतात, आणि पूड पण बऱ्याचदा बैलाच्या हाडाची. मी गपगारच.

मामा पक्के वारकरी, त्यांना विचारलं तर म्हणाले औषधाला दोष नाही रे, खातोयस थोडाच. पण माझ्या मनाला काही पटेना. परत गेलो, तर कळलं की कृत्रिम पण असतो, विरघळणारे टाके ज्या जातीच्या पॉलिमरचे असतात तसलाच, आणि पूड कॅल्शियम फॉस्फेटची. मॅडमनी स्पष्ट सांगितलं की मी कोलॅजेन जास्त वापरलंय, ते ओलं झालं की दुधावरच्या सायीसारखं हाडावर बसतं, हे जरा ताठ असतं आणि विरघळताना थोडी सूज येऊ शकते, चालेल का? म्हणलं चालेल. तो पडदा मागवावा लागला, आठ दिवस थांबलो.

प्रोसिजर तासाभराची. सुई टोचताना दुखलं तेवढंच. हिरडी उघडून हाडाला बारीक भोकं पाडली, रक्त यावं म्हणून. पडदा मला हातात धरून दाखवला, पांढरा, बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा, कात्रीनं कापून कोपरे गोल केले, कोपरा टोकदार राहिला तर हिरडीला टोचतो. मग हिरडी आतनं सैल करून वरनं ओढून शिवली, ताण राहिला तर टाके उसवतात म्हणे.

आणि माझे उसवलेच. चूक माझी, सहाव्या दिवशी अडतीत कुणीतरी भडंग आणलं, म्हणलं उजव्या बाजूनं चार घास. दोन दिवसांनी आरशात बघतोय तर हिरडीत पांढरं टोक दिसायला लागलं. पोटात गोळाच आला. मॅडम रागावल्या पण म्हणाल्या हा विरघळणारा आहे, लगेच काढायला नको, न विरघळणारा असता तर कदाचित काढावा लागला असता. क्लोरहेक्झिडीन म्हणजे जंतू मारायच्या औषधाच्या गुळण्या दिवसातनं दोनदा, तिथं ब्रश नाही, बोट नाही, जीभ पण लावायची नाही. हे जीभ न लावणं सगळ्यात अवघड! तीन आठवड्यांनी हिरडी मिटली.

सहा महिन्यांनी परत स्कॅन, रुंदी साडेसहा. जिथं उघडं पडलं होतं तिथं जरा कमी, म्हणून स्क्रू ४ च्या ऐवजी साडेतीनचा बसवला. कॅप अजून दोन महिन्यांनी. तोवर भडंग घरात आणायचं नाही असं बायकोनं ठरवलंय, आणि सांगलीत राहून ते पाळायचं म्हणजे काय ते तुम्हीच बघा.